वेठ, पैरा आणि रोजंदारी : कोकणच्या शेतीला हात पुरवणाऱ्यांचा इतिहास

२००१ आणि २०११ या दोन जनगणनांच्या दरम्यान महाराष्ट्राची लोकसंख्या जवळपास १६ टक्क्यांनी वाढली, पण त्याच दशकात रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या १६,९६,७७७ वरून १६,१५,०६९ वर आणि सिंधुदुर्गाची ८,६८,८२५ वरून ८,४९,६५१ वर उतरली. दुष्काळ नाही, साथ नाही, धरणाखाली गावे गेली असेही नाही, आणि तरीही दोन अख्ख्या जिल्ह्यांतील माणसे कमी झाली. २०११ च्या जनगणनेत राज्यात दर हजार पुरुषांमागे ९२९ स्त्रिया असताना रत्नागिरीत त्या ११२२ आणि सिंधुदुर्गात १०३६ होत्या, आणि साठी ओलांडलेल्यांचे प्रमाणही या दोन्ही जिल्ह्यांत राज्याच्या सरासरीपेक्षा ठळकपणे जास्त होते. कर्ते पुरुष बाहेर आणि म्हातारी माणसे घरात, असे हे चित्र असून ते एका दशकात तयार झालेले नाही. त्याची मुळे दीडशे वर्षांमागे जातात, आणि ती शोधू लागले की आज कोकणात ‘गडी मिळत नाही’ म्हणून जी तक्रार घरोघरी ऐकू येते तिचाही उगम तेथेच सापडतो.

कोकणात शेतीच्या कामाला हात किती लागतात आणि ते कधी लागतात, हे आधी पाहिले पाहिजे. येथील शेतजमीन ठोकळमानाने दोन प्रकारची. डोंगरांच्या मधल्या सखल भागात बांध घालून तयार केलेली भाताची खाचरे हा एक प्रकार, आणि उतारावरची हलकी, कातळाला टेकलेली वरकस जमीन, जिच्यात नाचणी आणि वरी घेतली जाई, हा दुसरा. भातासाठी उन्हाळ्यातच झाडांच्या फांद्या, पालापाचोळा आणि शेण रोपांच्या जागेवर पसरून जाळण्याची रीत होती. या जाळण्याच्या सामग्रीला राब म्हणत आणि कामाला भाजावळ. मृगाच्या पावसावर बी पेरले, की तीन आठवड्यांत तरवा, म्हणजे भाताची रोपे, उपटण्याजोगा होतो, आणि मग चिखल केलेल्या खाचरात त्याची लावणी करावयाची असते. रोप फार जून झाले तर त्याला फुटवे कमी येतात आणि उत्पन्न घटते, म्हणून लावणी लांबवता येत नाही. पाऊस सर्वांच्या शेतावर एकाच वेळी पडतो, तरवाही सर्वांचा एकाच वेळी तयार होतो, त्यामुळे साऱ्या गावाला हात हवे असतात ते त्याच पंधरा-वीस दिवसांत. इरले पाठीवर घेऊन, कमरेत वाकून, घोट्यापर्यंतच्या चिखलात मागे मागे सरकत दिवसभर रोप लावणे हे काम तरुण पाठीचे आहे, आणि कोकणातील शेतमजुरीचा सारा इतिहास या पंधरा-वीस दिवसांभोवती फिरत आला आहे.

हे हात पुरवण्याची जुनी व्यवस्था पैशाची नव्हती, हक्काची आणि सक्तीची होती. दक्षिण कोकणातील पुष्कळशी गावे खोती होती. खोत म्हणजे गावाचा सारा सरकारात भरण्याची जबाबदारी घेणारा वतनदार, आणि त्याच्याकडून जमीन घेऊन ती कसणारा तो कूळ. कुळाने खोताला पिकाचा वाटा द्यावयाचा, तो बहुधा भाताचा अर्धा आणि वरकस पिकाचा तिसरा, आणि त्यावरून अर्धेल व तिर्धेल हे शब्द रूढ झाले. परंतु वाटा दिला म्हणजे कुळाची सुटका होत नसे. अनेक गावी खोताच्या शेतावर आठ दिवसांतून एक दिवस फुकट राबावे लागे, त्याला आठवेठ म्हणत, आणि नांगरणीच्या दिवसांत आपला नांगर व बैल घेऊन जावे लागे ती नांगरवेठ. कुळाच्या स्वतःच्या खाचरात तरवा जून होत असताना त्याला दुसऱ्याच्या खाचरात उभे राहावे लागे, ही या वेठीची खरी झळ होती. पिकाचा वाटा देताना धान्य जात असे, वेठीत मात्र वेळ जात असे, आणि लावणीच्या दिवसांत वेळेइतके मोलाचे दुसरे काही नव्हते. १८८० च्या खोती कायद्याने खोत आणि कूळ यांचे संबंध सरकारदरबारी नोंदले गेले, पण खोताचे वर्चस्व मोडले नाही.

उत्तर कोकणात ही सक्ती आणखी उघडी होती. ठाणे जिल्ह्यातील वारली आणि इतर आदिवासी कुटुंबांत लग्नासाठी जमीनदाराकडून कर्ज घेऊन ते फेडेपर्यंत, आणि व्यवहारात पुष्कळदा आयुष्यभर, त्याच्या घरी राबणाऱ्या माणसाला लग्नगडी म्हणत. त्याच्याबरोबर त्याची बायकोही राबे. १९४५ मध्ये किसान सभेच्या नेतृत्वाखाली वारल्यांनी केलेल्या उठावाने वेठ आणि लग्नगड्याची पद्धत यांवर घाव घातला, आणि गोदावरी परुळेकर यांनी ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या पुस्तकात त्याची हकीकत लिहून ठेवली. कुलाबा जिल्ह्यात अलिबागजवळच्या चरी गावाच्या परिसरातील कुळांनी त्याच्याही आधी, १९३३ पासून १९३९ पर्यंत, नारायण नागू पाटील यांच्या पुढाकाराने जमिनी कसण्याचेच थांबवले होते. आपले हात काढून घेणे हे कुळाच्या हातातले एकमेव शस्त्र होते, आणि ते सहा वर्षे, उपासमार सोसून, वापरले गेले. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३७ मध्ये मुंबई विधिमंडळात खोती नष्ट करणारे विधेयक मांडले ते याच काळात. प्रत्यक्ष खोती रद्द होण्यास मात्र १९४९ चा कायदा यावा लागला. आज मजूर मिळत नाही म्हणून जुन्या काळाचे गोडवे गायले जातात तेव्हा त्या काळी हात कसे मिळत होते हे आठवणे आवश्यक आहे, कारण वेठ संपली हे कोकणचे नुकसान नसून ती त्याच्या इतिहासातील एक मोठी कमाई आहे.

वेठीच्या बरोबरीने, पण तिच्याहून अगदी निराळ्या पायावर, दुसरी एक रीत चालत होती. बरोबरीच्या शेतकऱ्यांनी एकमेकांच्या शेतावर पाळीपाळीने काम करावयाचे, आज चौघांनी एकाचे खाचर लावावयाचे आणि उद्या त्या एकाने उरलेल्यांकडे जावयाचे, याला पैरा म्हणत. देशावर याच्याशी मिळत्याजुळत्या रीतींना सावड आणि इर्जिक ही नावे आहेत, मात्र इर्जिकीत शेजाऱ्यांनी आपले नांगर घेऊन यावे आणि ज्याचे काम असेल त्याने त्यांना जेवण घालावे असा प्रघात होता, तर पैऱ्यात दिवसाची फेड दिवसानेच होई. पैऱ्याचा हिशेब कोणी कागदावर लिहीत नसे, पण तो काटेकोर असे. पुरुषामागे पुरुष, बाईमागे बाई, बैलजोडीमागे बैलजोडी किंवा तिच्या बदल्यात ठरलेले माणसांचे दिवस, अशी ती देवाणघेवाण होती. तिच्यात दया नव्हती आणि उपकारही नव्हता. नेमक्या याच गुणामुळे तिच्यात एक मर्मस्थान होते : ज्या घरात परतफेडीचा हात नाही, त्या घराला पैऱ्यात जागा नाही. शेजारी एखाद्या वर्षी विधवेचे किंवा आजाऱ्याचे शेत लावून देत, पण दरवर्षी नाही. घरातील कर्ता मुलगा गावाबाहेर गेला आणि मागे सत्तरीची आई राहिली, की त्या घराला पहिल्यांदा रोख पैसे देऊन गडी लावण्याची वेळ येते. कोकणात रोजंदारीची मागणी वाढली ती मोठ्या जमिनींमुळे नव्हे. ती वाढली लहान जमिनींच्या म्हाताऱ्या मालकांमुळे, पैऱ्याच्या साखळीतून एकेक घर निखळत गेल्यामुळे.

ती निखळण्यास सुरुवात मुंबईने केली. कावसजी दावर यांची कापडगिरणी १८५४ मध्ये स्थापन होऊन १८५६ मध्ये सुरू झाली, आणि पुढच्या काही दशकांत गिरण्यांची संख्या वाढत गेली तशी रत्नागिरी जिल्ह्यातून माणसांची रीघ लागली. १८८१ च्या शिरगणतीत मुंबई शहराची वस्ती पावणेआठ लाखांच्या घरात होती आणि तीत रत्नागिरी जिल्ह्यात जन्मलेले लोक सव्वा लाखाच्या आसपास होते. गिरणी, गोदी, पोलीस, पलटण, घरगडीपणा, मिळेल ती चाकरी करणारा हा माणूस गावाकडे चाकरमानी म्हणून ओळखला जाऊ लागला. पहिल्या पिढ्यांचे हे जाणे कायमचे नव्हते. कापणी-झोडणी आटोपून मुंबई गाठावयाची आणि मृगाच्या आधी परत यावयाचे, असा अनेकांचा क्रम होता, आणि गिरण्यांतील बदली कामगारांच्या पद्धतीत, जिच्यात गैरहजर कामगाराच्या जागी रोजच्या रोज दुसरा घेतला जाई, तो क्रम कसाबसा सामावला जात होता.

या क्रमाला वाहतुकीनेही आकार दिला होता, आणि त्याकडे फारसे लक्ष दिले गेलेले नाही. रत्नागिरी, जयगड, विजयदुर्ग, मालवण, वेंगुर्ले या बंदरांना जाणाऱ्या आगबोटी पावसाळ्यात बंद असत. समुद्र खवळण्याआधी जो गावी पोहोचला तो दर्या शांत होईपर्यंत गावीच अडकला, म्हणजे नांगरणी, लावणी आणि बेणणी, अर्थात निंदणी, या साऱ्या कामांना तो हाताशी राहिला. जो त्या मुदतीत निघाला नाही तो पावसाळाभर मुंबईतच राहिला. पुढे एस. टी.च्या गाड्या बारमाही धावू लागल्या आणि २६ जानेवारी १९९८ पासून कोकण रेल्वेचा मार्ग पूर्णपणे खुला झाला, तेव्हा गावी जाणे सोपे झाले, पण गावी थांबणे संपले. चार दिवसांची रजा काढून येणारा चाकरमानी येतो तो गणपतीला, भाद्रपदात, जेव्हा लावणी आटोपून भात पोटरीत आलेले असते. वाहन जितके वेगवान झाले तितका शेताला मिळणारा त्याचा वेळ आखडला.

मागे राहिलेल्या स्त्रियांनी ही शेती शंभर वर्षे तोलून धरली. नांगर धरण्याचे काम पुरुषाचे मानले जात असल्यामुळे तेवढ्यापुरता नांगऱ्या गडी बोलवावयाचा आणि त्याची मजुरी मुंबईहून आलेल्या मनीऑर्डरीतून द्यावयाची, बाकी राब जाळण्यापासून भात कांडण्यापर्यंतचे सारे काम घरच्या बायकांनी करावयाचे, अशी विभागणी झाली. कोकणच्या अर्थव्यवस्थेला मनीऑर्डरची अर्थव्यवस्था म्हणण्याची पद्धत आहे, आणि ते बरोबरही आहे, पण त्या पैशाचा एक हिस्सा खाण्यापिण्याला न लागता शेताच्या मजुरीत जात होता ही गोष्ट त्या शब्दामागे झाकली जाते. शेती घर चालवीत नव्हती. गिरणीचा पगार शेती चालवीत होता, आणि तो का चालवीत होता याचे उत्तर पिकाच्या किमतीत सापडत नाही. जमीन पडीक टाकणे हे घराण्याला कमीपणाचे मानले जाई, गावच्या मानापानात आणि देवस्थानच्या उत्सवात जमिनीवरून हक्क ठरत, आणि मुंबईतील नोकरी गेली तर परतण्याची जागा म्हणून जमिनीकडे पाहिले जाई.

परतण्याची ती वेळ आलीही. १८ जानेवारी १९८२ रोजी दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख गिरणी कामगार उतरले आणि त्यांतील असंख्य जण पुन्हा गिरणीत गेले नाहीत. कितीतरी कुटुंबे गावी परतली, परंतु परतलेला पुरुष बहुधा चाळिशी-पन्नाशीचा होता आणि त्याची मुले शहरातच कामाला लागण्याच्या वयाची होती. त्याआधीही पेन्शन किंवा फंड घेऊन गावी येणारे चाकरमानी होतेच. अशा रीतीने कोकणातील शेतकऱ्याचे वय दोन्ही बाजूंनी वाढत गेले, कारण तरुण तरुणपणीच निघून जात होते आणि जे परत येत होते ते म्हातारपणाच्या उंबरठ्यावर. तिशी-चाळिशीचा, स्वतः नांगर धरणारा शेतकरी हा वयोगटच गावातून रिकामा होत गेला.

जेथे मालकाला शेती झेपत नाही तेथे ती दुसऱ्याला कसावयास देणे हा सरळ उपाय असतो, पण कोकणात तो उपाय धरला गेला नाही आणि याचे कारण कायद्याच्या इतिहासात आहे. १९४८ च्या कूळकायद्यात पुढे झालेल्या दुरुस्तीने १ एप्रिल १९५७ हा कृषक दिन ठरला, आणि त्या दिवशी जमीन प्रत्यक्ष कसणारे कूळ तिचा मालक मानले गेले. शतकानुशतकांचा अन्याय दूर करणारा हा कायदा होता, परंतु त्याने जमीनमालकांच्या मनात बसवलेली ‘कूळ लागेल’ ही धास्ती पुढील पिढ्यांतही गेली नाही. त्यातच सातबाऱ्याच्या उताऱ्यावर चार-पाच पिढ्यांच्या वारसांची नावे सामाईक राहिलेली, त्यांतील अर्धे मुंबईत, काही परदेशात, आणि सगळ्यांची संमती मिळवणे अशक्य. त्यामुळे गावात राहिलेल्या वृद्धापुढे दोनच वाटा उरल्या, रोजंदारीने गडी लावून खाचर करावयाचे, नाही तर ते तसेच सोडून द्यावयाचे.

तिसरी वाट निघाली ती झाडाच्या रूपाने. १९९० पासून राज्य सरकारने रोजगार हमी योजनेशी निगडित फळबाग लागवडीची योजना शंभर टक्के अनुदानावर राबवली आणि वरकस जमिनींवर हापूस आंबा व काजू झपाट्याने पसरले. या बदलाचे श्रेय योजनेला आणि दापोलीच्या कृषी विद्यापीठाच्या संशोधनाला दिले जाते व ते योग्यच आहे, परंतु त्याला गावातील वयाचीही साथ होती. नाचणीला दरवर्षी भाजणी, नांगरणी, लावणी, बेणणी आणि कापणी करणारे हात लागत, आणि झाडाला एकदा लावून वाढवले की चिखलात वाकणारे माणूस लागत नाही. मुंबईत बसून भाताचे खाचर सांभाळता येत नाही, पण आंब्याची बाग सांभाळता येते, किंवा निदान फळांचा हंगाम कराराने दुसऱ्याला विकता येतो. कोणते पीक घ्यावयाचे हे घरात कोण राहिले आहे यावरून ठरू लागले.

मात्र झाडालाही माणूस लागतोच, फक्त त्याचे दिवस वेगळे. थंडीत मोहोर फुटू लागला की तुडतुडे आणि भुरी यांसाठी फवारण्या सुरू होतात, फळ धरले की वानरांपासून आणि चोरांपासून रात्रंदिवस राखण करावी लागते, आणि मार्च ते मे या काळात काढणी. हापूस हलवून पाडता येत नाही. लांब काठीच्या टोकाला जाळी आणि पाते बसवलेल्या झेल्याने फळ देठासकट कापून जाळीत अलगद घ्यावे लागते, कारण देठ मोडला तर त्यातून ओघळणारा चीक सालीवर डाग पाडतो आणि त्या फळाचा भाव उतरतो. जुन्या बागांतील उंच झाडांवर चढून एका हाताने फांदी आणि दुसऱ्या हाताने झेला सांभाळणे हे धोक्याचे काम आहे, आणि ते करू शकणारे स्थानिक तरुण बागायतदाराला मिळेनासे झाले, तेव्हा त्या जागी नेपाळी मजूर आले.

१९५० च्या भारत-नेपाळ करारामुळे दोन्ही देशांच्या नागरिकांना एकमेकांकडे राहण्याची आणि काम करण्याची मोकळीक आहे, त्यामुळे त्यांच्या येण्यात परवान्याचा अडसर नव्हता. पश्चिम नेपाळातील पुरुष, पुष्कळदा बायकामुलांसह, दसरा-दिवाळीच्या सुमारास येतात, बागेतच खोपटे बांधून किंवा मालकाने दिलेल्या खोलीत राहतात, आणि फवारणीपासून पेट्या भरण्यापर्यंतची कामे करून मेअखेरीस परततात. त्यांचे नातेवाईक रत्नागिरीच्या मच्छीमार नौकांवर खलाशी म्हणूनही दिसतात. वाशीच्या बाजारात पोहोचणाऱ्या आणि तेथून परदेशी जाणाऱ्या पेटीवर देवगडचे किंवा रत्नागिरीचे नाव असते, पण ती भरणारे हात हिमालयाच्या पायथ्याचे असतात. कोकणच्या आंब्याच्या इतिहासात या माणसांची नोंद अजून नीटशी झालेली नाही, आणि ती व्हावयास हवी.

भाताच्या खाचरांना या हातांचा उपयोग झाला नाही. बैलजोडी सांभाळण्यास माणूस नाही म्हणून बैल गेले आणि पॉवर टिलर आला, त्याने नांगरणी आणि चिखलणी उरकली, पण लहान, वेड्यावाकड्या, पायऱ्यापायऱ्यांच्या खाचरांत लावणी बहुतेक ठिकाणी हातानेच राहिली. एकाने खाचर सोडले की त्याचा बांध फुटतो आणि खालच्या खाचराचे पाणी बिघडते, सोडलेल्या जागेत झुडपे वाढून रानडुकरांना आसरा मिळतो, आणि मग शेजाऱ्यालाही शेती सोडावी लागते. पैऱ्यात जसे एका घराने दुसऱ्याला धरून ठेवले होते, तसेच पडीक पडतानाही एक खाचर दुसऱ्याला ओढून नेते.

नेपाळी मजूर भातलावणीला का थांबत नाहीत, याचे कारण त्यांच्या स्वतःच्या शेतात आहे. नेपाळात आषाढाची १५ तारीख, म्हणजे जूनचा शेवट, हा राष्ट्रीय भातदिन म्हणून पाळला जातो, कारण तेथेही लावणी त्याच दिवसांत असते. तेथेही घराघरांनी दिवसाला दिवस देण्याची रीत आहे, तिला पर्म म्हणतात. नेपाळच्या २०२१ च्या जनगणनेत २१ लाखांहून अधिक माणसे देशाबाहेर असल्याची नोंद झाली, आणि डोंगरी भागातील अनेक गावांत पायऱ्यांची शेते पडीक पडू लागली आहेत, कारण पर्म फेडण्यास घरात तरुण माणूस उरलेले नाही. मे महिन्यात रत्नागिरीच्या स्थानकावरून गाठोडी घेऊन उत्तरेकडे निघणारी माणसे म्हाताऱ्या आईबापांनी राखलेल्या त्याच शेतांकडे जात असतात, जसा आगबोट बंद होण्याआधी गिरणीतला चाकरमानी वेंगुर्ल्याच्या किंवा जयगडच्या बंदरात उतरत असे.